कुंकू लावलेला टीव्ही

माझ्या नवऱ्याला छत्री घ्यायची असली तरी आठवडा लागतो. काड्या मोजतो, दांडा वाकवून बघतो, दुकानदाराला चार वेळा उघडमीट करायला लावतो आणि "बघतो, सांगतो" म्हणून घरी येतो. तेव्हा भिंतीवर लावायचा मोठा टीव्ही घ्यायचं ठरल्यावर आमच्या घरात काय झालं असेल, याची कल्पना करा. तो नवलाख उंबरे गावच्या कारखान्यातून पाळी संपवून यायचा, आंघोळ करायचा आणि चहाचा कप घेऊन मोबाईलमध्ये टीव्ही बघत बसायचा. टीव्हीवर काय लागलंय ते नव्हे, नुसते टीव्ही. कुणाचा पडदा कसा, कुणाचा आवाज कसा, कुणाची चौकट किती जाड. घर पाहावं बांधून म्हणणाऱ्यांनी एकदा याच्याबरोबर टीव्ही पाहावा घेऊन.

खरं तर टीव्ही त्याला नको होता आणि मला तर मुळीच नको होता. मी लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टमध्ये हाउसकीपिंग बघते. तिथं प्रत्येक खोलीत भिंत झाकणारा टीव्ही आहे आणि तो कुणीही बघत नाही. पाहुणे येतात ते धुकं बघायला, भजी खायला आणि झोपायला. ते टीव्ही आम्ही रोज पुसतो, मऊ कोरड्या फडक्यानं, दाब न देता. नवी मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी मी तिला हेच बजावते, पडद्याला ओलं लावायचं नाही. दिवसभर टीव्ही पुसून घरी आलेल्या बाईला टीव्हीचं कौतुक कसलं राहणार?

टीव्ही हवा होता आईसाठी. आणखी खरं सांगायचं तर आईला अडकवून ठेवण्यासाठी.

आई आंदर मावळात गावी राहते. बाबा गेल्यापासून एकटी. भाताची खाचरं चुलतभाऊ वाट्यानं करतो, आई दारातला भाजीपाला, कोंबड्या आणि सगळ्या गावाच्या उठाठेवी बघते. आदल्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून तिचा पाय घसरला. शेजारची काकू ताक मागायला आली म्हणून कळलं, नाहीतर किती वेळ तशीच पडून राहिली असती कोण जाणे. काही मोडलं नाही, पण माझी झोप उडाली. पावसाळ्याचे महिने तरी तिनं आमच्याकडे यावं असा मी हट्ट धरला.

"पावसातनं उठवून पावसातच नेती व्हय?" आई म्हणाली. "लोणावळ्यात काय ऊन पडतंय?"

आमच्याकडे पाऊस तिच्या गावापेक्षा जास्तच. पण तिची खरी कारणं वेगळी होती. एक म्हणजे, लेकीच्या दारात किती दिवस बसायचं. दुसरं, करमत नाही. पहिल्यावर इलाज नव्हता, म्हणून मी दुसऱ्याच्या मागे लागले.

आईला टीव्ही आवडतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या वाडीत पहिला टीव्ही खालच्या आळीत एका घरी आला, तेव्हा सगळी वाडी तिथं जमायची. आई मात्र भांडीकुंडी, गुरंढोरं आवरून शेवटी यायची आणि उंबऱ्याबाहेर बसायची. पुढच्या बायकांच्या अंबाड्यांच्या मधून जेवढं दिसेल तेवढं बघायची आणि घरी येऊन आख्खी गोष्ट आम्हाला सांगायची. न दिसलेला भाग ती मनानं भरत असावी. पुढे आमच्या घरी टीव्ही आला तरी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहूनच बघायची. एक कान कुकरकडे. तिला समोर बसून, मांडी घालून, पूर्ण पडदा बघताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

असं बाजूला उभं राहणं तिच्या अंगात मुरलेलं. बाबा गेल्यावर तर ते आणखी वाढलं. माहेराहून निघताना लेकीच्या कपाळाला आई कुंकू लावते, ही आपल्याकडची रीत. बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदा परत निघाले, तेव्हा आईनं शेजारच्या काकूला हाक मारली आणि करंडा तिच्या हातात दिला. मला कुंकू लावलं काकूनं. आई मागे चुलीपाशी काहीतरी शोधत राहिली. मग दर वेळी तसंच. मी रागावले, समजावलं, एकदा तर काकूसमोरच आवाज चढवला. आई एवढंच म्हणाली, "आसूं दे गं. तुझ्या चांगल्यासाटीच हाय." मला या गोष्टीचं जितकं वाईट वाटायचं तितकं दुसऱ्या कशाचंच वाटायचं नाही.

असो. टीव्हीकडे येते.

लोणावळ्यात घर घेणाऱ्यानं खोल्या विचारू नयेत, भिंती विचाराव्यात. आमच्या हॉलची पश्चिमेची भिंत आषाढ लागला की पाझरते. खिडकीच्या भिंतीवर श्रावणात बुरशीचा नकाशा उमटतो. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत तेवढी बारमाही कोरडी, म्हणून टीव्हीला तीच. नवऱ्यानं त्या भिंतीवर टीव्हीच्या मापाची वर्तमानपत्रं चिकटवली. पंचावन्न इंचाची, त्याच्याभोवती पासष्टची. महिनाभर आम्ही जुन्या बातम्यांसमोर बसून जेवलो. जेवताना माझ्या लक्षात आलं की या भिंतीवर टीव्ही लागला तर स्वयंपाकघराच्या दारातून तो दिसणारच नाही. बघायचा तर हॉलमध्ये येऊन समोर बसावं लागणार. मी नवऱ्याला म्हटलं, हीच भिंत, आणि आता फार विचार करू नकोस.

वैशाखात आई एका लग्नासाठी आमच्याकडे आली आणि दारातच थबकली.

"भिंतीला काय झालंय गं? पोपडं धरल्यात का?"

"टीव्ही येणार आहे तिथं."

"एवढा? मग तुमी कुटं बसनार?"

दुसऱ्या दिवशी तिला घेऊनच आम्ही बाजारात गेलो. ज्यांच्याकडे गेलो त्या दुकानदारांना सगळे भाई म्हणतात. त्यांचे वडील त्याच गाळ्यात रेडिओ दुरुस्त करायचे. भाईंनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समोरचे सगळे टीव्ही एकदम लावले. जिकडेतिकडे परदेशी फुलं उमलायला लागली, मासे पोहायला लागले. नवऱ्याचा चेहरा देवळात गेल्यासारखा झाला.

"ही कुटली फुलं म्हणायची?" आई म्हणाली. "आपल्यातलं मानूस दाखवा की."

भाईंनी मराठी बातम्या लावल्या. रांगेनं सगळीकडे एकच निवेदिका बोलू लागली. आई उठून एकेका टीव्हीसमोर गेली.

"बाई एकच, पर हितं गोरी, तितं पिवळी, त्या तिकडं तर तांबडीलाल. ह्यातली खरी कंची?"

"खरी मुंबईत, मावशी," भाई म्हणाले.

आई हसली, पण तिचं बघणं चालूच राहिलं. एका चकचकीत पडद्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली आणि मान हलवून पुढे गेली. "ह्याच्यात माझंच तोंड दिसतंय. मला बगायला टीव्ही कशापायी?" शेवटी कोपऱ्यातल्या एका टीव्हीशी ती थांबली. त्याचा पडदा चकाकत नव्हता, खापरासारखा मंद होता. त्यात दाराचा उजेड दिसत नव्हता, पंखा दिसत नव्हता, आईही दिसत नव्हती. बातम्यांतली बाई मात्र आमच्यातुमच्यासारखी सावळी दिसत होती.

"ह्यो बरा हाय. ह्याच्यापुढं किती मानसं बसत्याल?"

"घरात मावतील तेवढी," भाई म्हणाले.

माझ्या नवऱ्यानं जे काम करायला सगळा उन्हाळा घालवला होता, ते आईनं चहा यायच्या आत उरकलं. त्यानं मोबाईल काढून काहीतरी तपासलं, दोनदा तपासलं आणि मान डोलावली. निघताना भाई मला म्हणाले, "ताई, हा पडदा नाजूक असतो बरं का. फक्त कोरडं फडकं."

"भाई," मी म्हणाले, "मला शिकवताय?"

टीव्ही आला, त्याच्याबरोबर तो भिंतीवर बसवणारा माणूस आला. त्यानं भोकं पाडली, पट्टी लावली, टीव्ही टांगला. "एवढ्या धुडाला चारच खिळं?" एवढी एक शंका आईनं काढली. त्यानं तिला हातानं ओढून दाखवलं, तेव्हा तिचं समाधान झालं.

आमच्याकडे घरात नवी वस्तू आली की कुंकू लावल्याशिवाय ती वापरत नाहीत. फ्रिजला लावलं, मोटारसायकलला लावलं, मिक्सरला लावलं, हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपलासुद्धा सोडलं नाही. मी ताटात नारळ, उदबत्ती, हळद घेतली, वाटीत कुंकू पाण्यात कालवलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नेहमीसारखी अर्धी आत, अर्धी बाहेर.

ते बघून माझं काहीतरी बिनसलं. मी वाटी तिच्यापुढे धरली.

"तू लाव."

"म्या?" ती मागे सरली. "न्हाई बाई. तू सवाशीन हायेस, तू लाव."

"टीव्ही तू निवडलास, तुझ्यासाठी आणलाय. तू लावणार नसलीस तर बिनकुंकवाचाच राहू दे."

आईनं जावयाकडे बघितलं. तिला वाटलं असणार, हा तरी शहाणपणानं वागेल. आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतात. नवरा म्हणाला, "लावा की मामी. मला पण चालू करून बघायचाय."

तिनं हात पदराला पुसले. एक बोट वाटीत बुडवलं आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात स्वस्तिक काढायला लागली. दारातली रांगोळी काढावी तसं तिनं ते सावकाश, रेघ न मोडता काढलं, चारही घरांत ठिपके दिले, वर हळदीची बोटं लावली. कुंकवाचा एक ओघळ खाली आला तो तिनं करंगळीनं टिपला. मी बघत उभी राहिले. मला इतका आनंद झाला होता की मी हाउसकीपिंगची बाई आहे हे सपशेल विसरून गेले.

पूजेचं लगेच पुसायचं नसतं, म्हणून दिवसभर ते तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं मऊ फडक्यानं हलकेच पुसलं. वरची भुकटी गेली, स्वस्तिक जागेवरच. मग त्यानं फडकं किंचित ओलं केलं. मग थोडं जास्त. मी आंघोळीला गेले होते. बाहेर येऊन बघते तो जुना बनियन हातात घेऊन हा गोल गोल घासतोय, कारखान्यातला यंत्राचा भाग घासावा तसा. मी ओरडले तेव्हा उशीर झाला होता. स्वस्तिक निघालं होतं. त्याच्या जागी पेरूच्या फोडीएवढा गुलाबी डाग राहिला होता आणि त्याच्या भोवतीचा मंद पडदा घासून चकचकीत झाला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आमच्या बाबतीत पाषाण कोरडा असता तर बरं झालं असतं.

आम्ही दोघं एकमेकांवर खेकसत होतो. आई कधी येऊन मागे उभी राहिली कळलं नाही.

"मी म्हनत व्हते न्हवं," ती म्हणाली. "माजा हात लावायचाच न्हवता."

ती रडली असती तर मला झेपलं असतं. पण तिनं ते अगदी साध्या आवाजात सांगितलं, भाजीत मीठ जास्त झाल्याचं सांगावं तसं. आत जाऊन तिनं लुगड्याच्या घड्या घातल्या, पिशवी भरली आणि सकाळच्या लोकलनं मला कान्ह्याला सोडा म्हणाली. तिथून जीप मिळते गावाकडे. मी पावसाळ्याचं काढलं. ती म्हणाली, "पावसाळ्याचं बगू." तिच्या 'बगू' चा अर्थ मला चांगला माहीत आहे. मी तिच्याशी भांडले. हात वाईट, हात वाईट म्हणजे काय, या हातानं आम्हाला वाढवलंस, तेव्हा नव्हता का वाईट? ती पिशवीची गाठ तेवढी घट्ट करत राहिली. मला दिसत होतं की मी आईला हवं तिथं बसवायला निघाले आणि होती तिथूनही उठवली.

नवऱ्यानं गुपचूप भाईंना फोन केला होता. सकाळी आम्ही निघायच्या बेतात असताना भाई टेम्पो घेऊन दारात हजर. वर आले, डाग बघितला, जिभेनं चुकचुक केलं.

"काही नाही हो ताई. हा मी दुकानात नमुन्याला लावतो, तुम्हाला नवा देतो. पहिल्या दिवशी असं व्हायला नको होतं."

भला माणूस. मी मनात म्हटलं, सुटलो. नवा टीव्ही येईल, डाग जाईल, आई दोन दिवसांत विसरेल. पण आईनं पिशवी उचलली आणि विचारलं, "टेम्पो टेसनावरनंच जातोय न्हवं? मग मलाबी घ्या."

ती पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसली. नवरा स्टुलावर चढून मागची पट्टी सैल करत होता. त्याच्या पान्याचा आवाज थांबला.

इथं एक सांगायला हवं. माझा नवरा कमी बोलतो, पण त्याच्यासारखा ऐकणारा नाही. आईच्या म्हशीची गोष्ट त्यानं लग्नापासून असंख्य वेळा ऐकलीय, आणि दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी. बाबांनी एकदा बाजारातून म्हैस आणली. आईनं दारात तिच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळला आणि गोठ्यात घेतली. धार काढायला बसल्यावर कळलं की म्हैस लाथ मारते. चरवी एकीकडे, आई एकीकडे. विकणारा चांगला होता, परत आणा म्हणाला. बाबाही तयार होते. आईनं नेऊ दिली नाही. ती म्हैस आमच्याकडे म्हातारी झाली, शेवटपर्यंत लाथा मारत राहिली, आणि तिच्या लाथेचं टेंगूळ आईच्या नडगीवर अजून आहे.

स्टुलावरूनच नवरा म्हणाला, "मामी, ती म्हस परत का न्हाई धाडली तुमी?"

आईच्या तोंडून सवयीनं उत्तर निघालं. "कुकू लावून दारात घेतल्याली व्हती. लाथ मारती म्हनून का कुनी परत..."

आणि ती मध्येच थांबली.

"मग?" नवरा म्हणाला.

"म्हशीचं येगळं," आई म्हणाली. "लाथ मारायचा गुन तिचा व्हता. हितं माज्या हाताचा गुन लागला, पाव्हनं."

नवरा खाली उतरला. पाना टेबलावर ठेवून त्यानं स्वतःचे दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "तुमच्या कुकवानं नुसता कोपरा रंगला, मामी. त्याचं कातडं सोललं ते ह्या हातांनी, बनियन घेऊन. वाईट म्हनायचाच तर ह्यो हात म्हना. मग मला कुटं धाडता?"

एरवी तो घरात शहरातलं बोलतो. त्या वेळी त्याच्या तोंडून गावचं निघालं.

"आणि मी टीव्ही पुसायचा पगार घेते," मी म्हणाले.

आईनं भाईंकडे बघितलं, कारण आमच्या भानगडीत तेवढाच एक शहाणा माणूस उरला होता. भाई म्हणाले, "मावशी, बिघाड म्हणाल तर टीव्हीत काही नाही. चित्र चांगलं आहे. ठेवायचा की न्यायचा, तुम्ही सांगा."

तुम्ही सांगा असं आईला बऱ्याच दिवसांत कुणी म्हटलं नसावं. तिनं उठून डागापाशी जाऊन बघितलं. बोट लावणार होती, पण हात मागे घेतला. मग पदर तोंडाला लावून ती हसायला लागली. "दोघांनी मिळून पार सोलून काडलाय की बिचाऱ्याला," ती म्हणाली. "ऱ्हाऊं द्या. घेतल्याला परत न्हाई धाडायचा."

"मग माझा टेम्पो रिकामाच जाणार तर निदान चहा करा," भाई म्हणाले.

चहा आईनं केला. पिशवी दाराशीच राहिली, ती संध्याकाळी मी उचलून आत ठेवली.

त्या पावसाळ्याबद्दल मी आणखी काय सांगू? आई राहिली. मध्ये आवणीला, भाताची रोपं लावायला, दोन दिवस जाऊन आली, तेवढंच. टीव्ही दारातून दिसत नव्हता, त्यामुळे तिला समोर येऊन बसावंच लागलं. पहिले काही दिवस खाली, भिंतीला टेकून. मग सोफ्याच्या कडेला. श्रावणात एकदा मी कामावरून आले तर ती सोफ्याच्या मधोमध मांडी घालून बसली होती, दोन्ही बाजूंना खालच्या मजल्यावरच्या बायका, आणि रिमोट हिच्याकडे. बाहेर पाऊस आडवा झोडपत होता आणि आतमध्ये तिघी मिळून वाळवंटातले उंट बघत होत्या. "बाई, किती कोरडं गं," आई म्हणत होती. पश्चिमेची भिंत नेहमीप्रमाणे पाझरत होती. मी ओली छत्री दाराशी उभी केली आणि तशीच बघत राहिले. मला फार बरं वाटलं.

डाग होताच. हिरव्या मैदानावर क्रिकेट असलं की एक खेळाडू कायम त्या कोपऱ्यात उभा आहे असं वाटायचं. बातम्या देणाऱ्या बाईच्या कोपराला रोज कुंकू. नवऱ्याला सुरुवातीला त्याचा त्रास व्हायचा, मग तोच पाहुण्यांना कौतुकानं दाखवू लागला. कुणी विचारलं की आई सांगायची, "पूजेचं हाय ते." कुणाच्या हातचं, ते मात्र सांगायची नाही.

दसऱ्याला मी ताट केलं. मोटारसायकल, शिलाई मशीन, नवऱ्याचे पाने, सगळ्यांना कुंकू लावलं. आई पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. माझ्या तोंडाशी आलं होतं, पण या खेपेला मी वाटी तिच्यापुढे धरली नाही. ती तिथूनच म्हणाली, "टीव्हीच्या चौकटीला लाव गं. काचंला नगं." मी लावलं. मनात म्हटलं, राहिली हेच पुष्कळ झालं. माणसानं किती मागावं?

भात पिवळं पडलं तसा तिचा जीव गावाकडे लागला. कापणीला आपण नसलो तर चुलतभाऊ भारे कसेही रचेल, हे तिचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. मी तिला सोडायला गेले. कान्ह्याहून जीप निघाली तेव्हा दोन्ही बाजूंना इंद्रायणी भाताचा वास सुटला होता. घर उघडलं, झाडलोट केली, शेवाळ वाळून गेलेलं अंगण तिनं पायानं दाबून तपासलं. दुसऱ्या दिवशी मी परत निघाले तेव्हा ती म्हणाली, "ज्येष्ठ लागला की येते. आदी फोन कर, नायतर म्या दुसरा बेत करीन." मला कळलं, येणार.

जीपवाला वाटेवर हॉर्न देत होता. शेजारची काकू सवयीप्रमाणे अंगणात आली. तिला बोलवावंही लागत नसे आता. आईनं आतून करंडा आणला. मी कपाळ काकूकडे केलं. काकूनं हात पुढे केला.

आईनं करंडा दिला नाही. डाव्या हातात तसाच धरून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. झाकण काढलं. काकूनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि हात पदराखाली घेतला.

आईचं बोट माझ्या कपाळाला टेकलं. खरखरीत, जाड, ओळखीचं. ती वाकून नीट बघत होती, मधोमध लागलंय की नाही.

"कोरडंच लावते बग," ती म्हणाली. "नायतर डाग ऱ्हायाचा."

"राहू दे," मी म्हणाले.